स्वस्तातल्या कन्व्हर्टरने लेन्सची रीच वाढवताना: खान्देशातल्या नव्या फोटोग्राफरांसाठी

हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर, चांगदेवच्या बाजूला तापी-पूर्णेचं पाणी पसरलेलं असतं तिथे, बदकांचे थवे उतरतात. लालसरी, तलवार बदक, चक्रवाक. काठावर उभं राहून ३०० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला की एवढा देखणा चक्रवाक म्हणजे एक नारिंगी ठिपका उरतो. मग घरी येऊन ६०० मिलिमीटरच्या लेन्सची किंमत बघायची, एक सुस्कारा सोडायचा, आणि त्याच पानावर खाली दिसणाऱ्या ‘२.२एक्स टेलिफोटो कन्व्हर्टर’वर बोट अडखळायचं. दीड-दोन हजारांच्या आत, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचा, काम झालं असं जाहिरात म्हणते.

असल्या कन्व्हर्टरने काम होतं का? लेन्स आणि कन्व्हर्टरच्या काही जोड्यांमध्ये होतं, बऱ्याचशा जोड्यांमध्ये होत नाही. तुमची जोडी कुठल्या गटात बसते हे विकत घेण्याआधी साध्या गुणाकाराने आणि घेतल्यावर गच्चीवर अर्ध्या तासात कळतं. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

पहिली पायरी: आधी फुकटचा कन्व्हर्टर वापरून बघा

फुकटचा म्हणजे क्रॉप. कन्व्हर्टर १.७ पट मोठं दाखवतो, तर तेच काम संगणकावर फोटोचा मधला भाग कापूनही होतं. फरक उरतो तो पिक्सेलचा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.७ पटीने क्रॉप केला की साधारण ८.३ मेगापिक्सेल उरतात, २ पटीने केला की ६. मोबाइलवर बघायला, स्टेटसला ठेवायला, ए४ आकाराची बऱ्यापैकी प्रिंट काढायला एवढे पुरतात.

याचा अर्थ असा की कन्व्हर्टरची स्पर्धा ६०० मिलिमीटरच्या लेन्सशी नाहीच. ती या क्रॉपशी आहे. कन्व्हर्टर लावून आलेला फोटो क्रॉपपेक्षा जास्त तपशील देत असेल तर पैसे वसूल. नुसता मोठा दिसत असेल तर ते कात्रीनेही जमलं असतं. तुमच्याकडे जुना १० किंवा १२ मेगापिक्सेलचा डीएसएलआर असेल तर कन्व्हर्टरचा फायदा जास्त होण्याची शक्यता आहे, कारण १२ मेगापिक्सेलमधून १.७ पट क्रॉप केल्यावर जेमतेम ४ मेगापिक्सेल हातात राहतात.

दुसरी पायरी: कन्व्हर्टरच्या दोन जाती ओळखा

एक मागचा. हा कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसतो. टेलिकन्व्हर्टर किंवा नुसतं ‘टीसी’ म्हणतात तो हाच. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे निम्मा उरतो; २ पटीचा लावला की दोन स्टॉप, म्हणजे पाव उरतो. म्हणजे एफ/५.६ ची लेन्स अनुक्रमे एफ/८ आणि एफ/११ होते (एफपुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). सुरुवातीच्या दर्जाच्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो, त्यामुळे किट झूमवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त झूमवर, २ पटीचा टीसी लावला की कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे फिरत बसतो. मिररलेस कॅमेरे इथे बरेच पुढे आहेत. शिवाय कॅनन, निकॉनचे स्वतःचे टीसी त्यांच्या ठरावीक लेन्सनाच बसतात, स्वस्त झूमला नाहीत. केन्कोसारख्या इतर कंपन्यांचे टीसी जास्त लेन्सना बसतात. तरी आपल्या लेन्सचं नाव घेऊन आधी खात्री करून घ्या. ज्यात विजेचे संपर्कबिंदू नाहीत असा अगदी स्वस्त टीसी ऑटोफोकसच्या लेन्सला लावू नका. फोकस जातो आणि ॲपर्चरवरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्रावरचा, ताबाही जातो.

या मागच्या प्रकाराचा एक गुण मात्र फारसा कोणी सांगत नाही. लेन्स जितक्या जवळून फोकस करते ते अंतर टीसी लावल्यावर बदलत नाही, प्रतिमा तेवढी मोठी होते. फुलपाखरं, चतुर टिपणाऱ्यांना हा सौदा चांगला पडतो.

दुसरा पुढचा. हा लेन्सच्या तोंडाशी, फिल्टर लावतो त्या आट्यांवर बसतो. आत पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट असतो. गॅलिलिओच्या दुर्बिणीची रचना तीच. समांतर किरण आत येतात, समांतरच बाहेर पडतात, म्हणून मूळ लेन्सला काही बदल झाल्याचा पत्ता लागत नाही आणि ऑटोफोकस बहुधा चालू राहतो. जाहिरातीत ‘प्रकाश अजिबात कमी होत नाही’ असं लिहितात ते याच प्रकाराबद्दल. हे वाक्य खरं आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती अट जाहिरातीत नसते.

तिसरी पायरी: तोंडाचा हिशोब

फोकल लेंथला (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) एफ नंबरने भागा. लेन्समध्ये प्रकाश शिरतो त्या वाटेचा व्यास मिळतो. २५० मिलिमीटर, एफ/५.६ ची लेन्स असेल तर २५० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ४५ मिलिमीटर. आता याला कन्व्हर्टरच्या पटीने गुणा. १.७ पटीसाठी ७६ मिलिमीटर. प्रकाश खरंच कमी होऊ द्यायचा नसेल तर कन्व्हर्टरच्या पुढच्या भिंगाचा व्यास निदान एवढा हवा आणि मागच्या भिंगाचा निदान ४५. कन्व्हर्टरला नरसाळं समजा: वरचं तोंड अरुंद असेल तर खालची नळी कितीही रुंद असो, पाणी तेवढंच पडणार.

हाच हिशोब त्या २.२ पटीच्या स्वस्त मालाला लावून बघा. निकॉनची ७०-३०० एफ/४.५-६.३ ही झूम घेऊ, तिचा फिल्टर थ्रेड ५८ मिलिमीटर आहे, म्हणजे कन्व्हर्टर बिनबोभाट बसेल. ३०० ला ६.३ ने भागलं की ४७.६. गुणिले २.२, उत्तर जवळजवळ १०५ मिलिमीटर. समजा हातातल्या नगाचं पुढचं भिंग पट्टीने मोजल्यावर ६५ भरलं. तर ३०० गुणिले २.२ म्हणजे ६६०, भागिले ६५, म्हणजे तुम्ही एफ/६.३ वर नव्हे, एफ/१० वर फोटो काढताय. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडा ६.३ च दिसेल, पण शटर तुम्हाला खरं सांगेल. सकाळी पांढऱ्या भिंतीवर ॲपर्चर प्रायॉरिटीने (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) मोजणी करा: कन्व्हर्टरशिवाय १/५०० येत होतं आणि लावल्यावर १/२०० आलं, तर मधला प्रकाश कुठे गेला ते समजलं. सहाशे मिलिमीटरच्या पुढे १/२०० म्हणजे हात हलणार, फोटो हलणार.

उलट उदाहरण पॅनासॉनिकच्या एफझेड२०० चं. २०१२ चा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा. सेन्सर छोटा, त्यामुळे प्रत्यक्ष फोकल लेंथ जास्तीत जास्त १०८ मिलिमीटर आणि संपूर्ण झूमभर एफ/२.८. १०८ भागिले २.८ म्हणजे ३८.६, गुणिले १.७ म्हणजे साधारण ६६ मिलिमीटर. एवढं भिंग हाताळता येण्याजोगं आहे. या कॅमेऱ्याचं ६०० मिलिमीटरच्या तोडीचं दृश्य १.७ पटीच्या कन्व्हर्टरने १०२० च्या तोडीचं होतं. पुढून लावायचे कन्व्हर्टर मुळात अशाच कॅमेऱ्यांसाठी बनले, हे लक्षात ठेवलं तर निम्मी फसगत टळते.

चौथी पायरी: काय घ्यायचं, कुठे बघायचं

माझं मत सरळ आहे. १.४ ते १.७ पटीत राहा. जुन्या काळी कॅमेरा कंपन्यांनी स्वतः काढलेले पुढचे कन्व्हर्टर सेकंडहॅंड मिळाले तर नव्या चकचकीत बिननावाच्या मालापेक्षा ते घ्या. ऑलिम्पसचा टीकॉन-१७ आणि पॅनासॉनिकचा डीएमडब्ल्यू-एलटी५५ हे दोन्ही १.७ पटीचे, ५५ मिलिमीटर आट्यांचे. सोनीचा व्हीसीएल-डीएच१७५८ तेवढ्याच पटीचा, ५८ मिलिमीटरचा. २.२ पटीतच घ्यायचं असेल तर रेनॉक्सचा डीसीआर-२०२५प्रो हे नाव शोधा. खोक्यावर ‘एचडी’ आणि ‘प्रोफेशनल’ हे दोन्ही शब्द सोनेरी अक्षरांत असतील, सोबत वाइड लेन्स, पुसायचं फडकं आणि पेनाच्या आकाराचा ब्रश फुकट असेल, तर तो संच पुतण्याच्या वाढदिवसाला द्यायला ठीक आहे.

जळगाव, धुळे, भुसावळमधल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे हॅंडीकॅमच्या जमान्यातले कन्व्हर्टर कपाटात पडलेले असू शकतात. ओळखीत असेल तर मागून बघायला हरकत नाही, पण त्यांचे आटे बहुतेक ३७ मिलिमीटरच्या आसपासचे असतात. डीएसएलआरच्या झूमवर ते म्हणजे काळ्या वर्तुळात बसवलेला छोटा फोटो. मोबाइलला चिमट्याने लावायच्या लेन्सबद्दल एवढंच सांगतो की चिमटा एक मिलिमीटर सरकला तरी चित्र बिघडतं.

तुमच्या लेन्सचा थ्रेड किती ते लेन्सच्या तोंडाशी, तिरकी रेघ मारलेल्या शून्यासारख्या खुणेपुढे लिहिलेलं असतं. कन्व्हर्टरचे आटे त्याहून मोठे असतील तर मध्ये स्टेप-अप रिंग लावा, स्वस्त असते. उलट, लहान कन्व्हर्टर मोठ्या लेन्सवर बसवायची रिंगही मिळते. ती घेतली की कडा काळ्या होणार हे गृहीत धरा.

सेकंडहॅंड माल हातात आला की मोबाइलचा टॉर्च लावून भिंगांमधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. भिंगाच्या कडेला तेल सांडल्यासारखे रंगीत पट्टे दिसले तर चिकटवलेली भिंगं सुटायला लागली आहेत. कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर परत द्या.

पाचवी पायरी: बसवताना

आधी यूव्ही फिल्टर काढा. त्यावरच कन्व्हर्टर चढवला की काचेचे दोन जादा पृष्ठभाग आणि वजन लांब सरकल्याचा ताण, दोन्ही पदरात पडतं.

स्वस्त किट लेन्सचे आटे प्लास्टिकचे असतात. कन्व्हर्टर आधी उलट दिशेने हळूच फिरवा, ‘टक्’ असा सूक्ष्म धक्का लागेल, मग सुलट घट्ट करा. असं केलं तर आटे तिरके चढत नाहीत आणि मरतही नाहीत. लेन्सचं तोंड फोकस करताना गोल फिरतं का, पुढे सरकतं का, हे पाहून ठेवा. फिरत असेल तर तेवढं वजन लेन्सची छोटी मोटर ओढणार. अशा वेळी ऑटोफोकस बंद ठेवून हाताने फोकस करणं बरं. ब्रिज कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येते, म्हणून तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या अंगावरच बसणारी नळी वेगळी मिळते. त्या नळीशिवाय कन्व्हर्टर लावायचा हट्ट करू नका.

डावा हात कन्व्हर्टरखाली हवा, लेन्सखाली नव्हे. आणि मोटारसायकलवर जाताना कन्व्हर्टर काढून पिशवीत. आपल्या शिवाररस्त्यांवर आटे आपोआप सैल व्हायला फार वेळ लागत नाही.

झूम पूर्ण पुढे न्या. मागे आणला की कोपऱ्यांत काळं वर्तुळ येतं. तो दोष नाही, या प्रकाराचा स्वभाव आहे. दुसरं, पुढचा कन्व्हर्टर लावल्यावर जवळचं फोकस दूर पळतं, पटीच्या वर्गाच्या हिशोबाने. १.१ मीटरवर फोकस होणारी लेन्स १.७ पटीच्या कन्व्हर्टरसह सव्वातीन मीटरच्या अलीकडचं काही पकडत नाही. कुंपणावरचा सरडा समोर असून फोकस होत नसेल तर कॅमेरा बिघडलेला नाही, दोन पावलं मागे व्हा.

सहावी पायरी: गच्चीवरची परीक्षा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे टाळतात, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची.

सकाळी सातच्या सुमाराला गच्चीवर जा. तीनशे-चारशे फुटांवरचं, बारीक तपशील असलेलं काहीतरी निवडा. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं उत्तम. कडुनिंबाच्या फांद्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसत असतील तर त्याही घ्या, त्यांच्यावर रंगांचे दोष लगेच उघडे पडतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर कठड्यावर. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात ज्वारी किंवा मका भरून दोन्ही तोंडं शिवून टाकली की झकास बीन बॅग होते. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ सगळ्या फोटोंना एकच, फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल). फोकस मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून हाताने.

मग एका पाठोपाठ फोटो घ्या. आधी नुसत्या लेन्सने, ॲपर्चर पूर्ण उघडं आणि नंतर एफ/८. मग जागा न बदलता कन्व्हर्टर लावा, फोकस नव्याने करा, आणि तेच दोन फोटो काढून शिवाय एफ/११ चा एक घ्या. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा साधा आणि दोन-दोन फोटो काढा, म्हणजे कन्व्हर्टरच्या नावावर फोकसची चूक जाणार नाही.

संगणकावर नुसत्या लेन्सचा फोटो गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा असेल आणि कन्व्हर्टर १.७ पटीचा असेल तर मधला सुमारे ३५३० बाय २३५० चा तुकडा कापा आणि तो पुन्हा ६००० रुंदीपर्यंत मोठा करा. आता तो आणि कन्व्हर्टरचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. कोपरे बघू नका, पक्षी मधोमध असतो. टाकीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिटरचा आकडा असतो. तो क्रॉपमध्ये वाचता येत नव्हता आणि कन्व्हर्टरच्या फोटोत वाचता येतोय? असेल तर कन्व्हर्टर पास. अक्षरं मोठी आहेत पण पांढऱ्याची धूसर झाक काळ्यात उतरली आहे, फांद्यांना एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी कड आली आहे, तर नापास. बिननावाचे कन्व्हर्टर बहुधा पूर्ण उघड्या ॲपर्चरला नापास होतात आणि एफ/११ ला काठावर पास होतात, कारण ॲपर्चर लहान केलं की भिंगांचा मधला, बरा भागच वापरला जातो. पण एफ/११ म्हणजे भरपूर ऊन हवं. आणि भरपूर ऊन म्हटलं की आपल्याकडे दुसरी अडचण उभी राहते.

सातवी पायरी: ऊन, आणि रानातली कामाची रीत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो हे वेगळं सांगायला नको. तापलेल्या काळ्या मातीवरून, डांबरावरून, तलावाच्या काठच्या खडकांवरून गरम हवा लहरत वर जाते. नुसत्या डोळ्यांनाही ती थरथर दिसते. कन्व्हर्टर पक्ष्याला मोठा करतो तसा या थरथरीलाही तेवढाच मोठा करतो. मग ‘कन्व्हर्टर सॉफ्ट आहे’ म्हणून बोटं मोडली जातात. मार्चनंतर उन्हं चढली की लांबचे फोटो सोडून द्या. थंडीतही कपाशीच्या रिकाम्या रानापलीकडचा पक्षी दहानंतर कुरकुरीत येणं अवघड. कुठल्याही भावाची लेन्स यावर उपाय नाही. हवेचं अंतर कमी करणं हाच उपाय.

सुरुवातीला जवळची, एका जागी बसणारी गिऱ्हाइकं निवडा. जळगावच्या मेहरूण तलावावर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावर सकाळी पाणकावळे पंख वाळवत बसतात. पाटाच्या कडेला तारेवर वेडा राघू असतो. तो माशी पकडायला उडतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतो. त्या जागेवर आधीच फोकस करून थांबा. थंडीत भरिताच्या पार्टीला शेतात जाणं होतंच. वांगी भाजून होईपर्यंतचा वेळ बांधावरच्या खंड्याला द्या.

सेटिंग सोपं ठेवा. २५० मिलिमीटरची लेन्स, कॅननच्या छोट्या सेन्सरचा १.६ चा गुणक आणि १.७ चा कन्व्हर्टर असा गुणाकार केला की ६८० येतो. शटर १/८०० च्या खाली आणू नका. आयएसओ ४००, ८०० झाला तर होऊ द्या. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर पूर्ण विसंबू नका. पुढे कन्व्हर्टर लावल्याचं तिला कळत नाही, ती जुन्याच फोकल लेंथच्या हिशोबाने दुरुस्ती करते आणि हलण्याचा काही भाग तसाच राहतो. मूळ लेन्सचा हूड कन्व्हर्टरवर बसत नाही, तेव्हा काळ्या चार्ट पेपरची नळी करून रबर बॅंडने लावा. संध्याकाळी पाण्यावरून येणाऱ्या तिरप्या उजेडात तिचा फरक लगेच दिसतो.

चंद्रावरही हात बसवून घ्या. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा फोकल लेंथच्या साधारण ११० व्या भागाएवढी पडते. ३०० मिलिमीटरला पावणेतीन मिलिमीटर, १.७ चा कन्व्हर्टर लावून साडेचारच्या पुढे. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, सप्तमी-अष्टमीचा घ्या, सावल्यांमुळे विवरं उठून येतात. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० हे ठोकताळ्याचं सेटिंग. अर्ध्या चंद्राला उजेड बराच कमी, तिथे शटर त्याच्या तीन-चार पट हळू ठेवून बघा.

थोडा हात बसला की सातपुड्याची ओढ लागणारच. तिथला वन पिंगळा, एक छोटं घुबड, १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. हा पिंगळा दिवसाउजेडी सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसतो, त्यामुळे स्वस्त कन्व्हर्टरवाल्यालाही आशा वाटते. यावलच्या अभयारण्यात वन विभागाची परवानगी काढून जा, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, आणि ढोलीच्या दिशेने पाऊल टाकू नका. फ्रेममध्ये लहान राहिला तर क्रॉप आहेच.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ऑनलाइन मागवलेला माल परत करायची मुदत थोडी असते, आणि ‘रविवारी हतनूरला नेऊन बघू’ म्हणता म्हणता ती उलटते. पार्सल आलं की दुसऱ्याच सकाळी गच्चीवर जा. तोवर खोकं, थर्मोकोल, झाकणं, बिल, काही फेकू नका, आणि आटे बसवताना ओरखडा येऊ देऊ नका. ओरखडा दिसला की दुकानदार माल परत घ्यायला कां-कूं करतो.